सातबारा नावाची प्रायमरी की

आमच्या धंद्यात नवी सिस्टिम बांधायला घेतली की पहिला वाद हमखास एकाच गोष्टीवरून होतो. टेबल कशाचं आहे, आणि त्यातली एक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखायची कशावरून? ज्या गोष्टीवरून ओळखायची तिला आम्ही प्रायमरी की म्हणतो. ती एकदा चुकली की पुढे कितीही देखणे स्क्रीन बांधा, रिपोर्ट चुकीचेच निघतात. आणि गंमत म्हणजे कुणाला चूक दिसतच नाही, कारण सिस्टिम एरर देत नाही. ज्याची ओळच टेबलात नाही, तो तक्रार तरी कुठे करणार?

आता हेच 'शेतकरी' नावाच्या टेबलाला लावून बघा. महाराष्ट्रात शेतकरी कशावरून ओळखतात? सातबाऱ्यावरून. गाव नमुना 7 सांगतो जमीन कुणाची, नमुना 12 सांगतो तिच्यात काय पिकलं. कर्ज, अनुदान, पीकविमा, नुकसानभरपाई सगळं या कागदाला बांधलेलं आहे. मालकीचा प्रश्न असेल तर ते समजू शकतं. पण शेतीचा सल्लासुद्धा आपण त्याच कागदावरच्या नावाला पाठवतो. रोप किती अंतरावर लावायचं, खत कधी द्यायचं, करपा आला तर काय करायचं, ही माहिती काम करणाऱ्या हातांना हवी असते. मालकाच्या नावाशी तिचा संबंध काय?

माझा मुद्दा एवढाच आहे. शेतकरी बायकांपर्यंत सल्ला पोचत नाही याचं मुख्य कारण सल्ल्याचा तुटवडा किंवा बायकांचं अडाणीपण नाही. पाकिटावर पत्ता चुकीचा आहे.

पेण-रोह्याकडचं उदाहरण घेतो, कारण तो भाग मला थोडाफार माहीत आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी तो गाडीच्या काचेतून पाहिलेला आहे. जुलैत अलिबागला किंवा गोव्याला निघालात की वडखळच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकता. तेव्हा बाजूच्या खाचरांत बघा. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेली माणसं दिसतील. त्यात पुरुष किती आणि बायका किती, हे एकदा मोजा. पॉवर टिलरवर बहुतेक वेळा पुरुष असतो, वाकलेल्या बहुतेक बायका असतात.

भातशेतीतली कामं मोजली तर हिशोब आणखी स्पष्ट होतो. उन्हाळ्यात राबासाठी पालापाचोळा आणि शेण डोक्यावरून वाहणं, तरव्यातून रोपं उपटून मुठी बांधणं, लावणी, बेणणी, कापणीतला मोठा वाटा, नंतर उफणणं, वाळवणं, बियाणं राखून ठेवणं. नांगरणी, चिखलणी, फवारणी आणि बाजार हे साधारण पुरुषांकडे. त्यात पनवेल-नवी मुंबई जवळ, रोह्याला धाटावची एमआयडीसी. घरातला पुरुष नोकरीवर जातो आणि शेती सुट्टीच्या दिवशी बघतो. रोजची शेती कुणाकडे उरते हे सांगायला नकोच.

भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल घेतात. थंडीत मित्रांबरोबर पोपटी खायला जाता ना, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या शेंगा? त्या वालाचं बियाणं निवडून, वाळवून, किडीपासून जपून ठेवणारी बहुतेक घरांत बाईच असते.

आता दुसरी बाजू. सल्ला देणाऱ्यांचा या भागात दुष्काळ आहे का? मुळीच नाही. कर्जतला भाताचं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, 'कर्जत' नावाने सुरू होणारे भाताचे कितीतरी वाण तिथूनच आले. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलला वेगळं केंद्र आहे. पेणच्या खारेपाटात जिथे समुद्राचं पाणी बांध फोडून आत येतं, तिथे तग धरणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे वाण त्यांचे. कृषी विज्ञान केंद्र तर रोहा तालुक्यातच, किल्ला इथे आहे. तिन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. म्हणजे सर्व्हर जवळ आहे, लाइनही आहे. मग अडतं कुठे?

चारसूत्री भातलागवडीचं उदाहरण घ्या. डॉ. नारायण सावंत यांनी हे तंत्र कोकणात रुजवलं. सूत्रं चार: भाताच्या तुसाची राख आणि पेंढा परत जमिनीला देणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणं, दोरीवर खुणा करून 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, एका चुडात दोन-तीनच रोपं लावणं, आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणं. गोळी खोल गेल्यामुळे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि कमी लागतं. कल्पना साधी आणि चांगली आहे.

पण ही चार सूत्रं कुणाच्या हातांनी अमलात येणार? दोरी कोण धरणार? दोन रोपं की सहा, हे चिखलात वाकून कोण ठरवणार? गोळी चार बोटं खोल गेली की वरच्यावर राहिली, हे कुणाला कळणार? तिसरं आणि चौथं सूत्र जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या बोटांत आहे. आणि सूत्रं समजावणाऱ्या बैठकीला बोलावतात खातेदारांना!

माझी एक काकी रोहा तालुक्यात शेती करते. काका कंपनीत होते, शेती कायम तिनेच पाहिली. मागे मी तिला विचारलं, "काकी, गावात कृषी खात्याची मीटिंग झाली म्हणे, तू गेली होतीस?"

"मला कोण बोलावतंय रे? सातबारा काकांचा ना."

"मग काका गेले?"

"गेले की. चहा पिऊन आले."

"काय सांगितलं तिथे?"

"लांब लांब लावा म्हणाले."

झालं! पंधरा-पंचवीसचं अंतर, रोपांची संख्या, गोळीची खोली, सगळ्याचं घरी पोचेपर्यंत 'लांब लांब लावा' झालं. यात काकांना हसण्यासारखं काही नाही. ज्याने स्वतः लावणी केली नाही त्याला कुठला तपशील महत्त्वाचा हे कसं कळणार? आणि समोर बसून उलटे प्रश्न तरी काय विचारणार? काकीने विचारलं असतं, "पाणी जास्त असेल तर गोळी राहील का जागेवर? दोरी धरायला दोन बायका जादा लागतील, त्यांची मजुरी कोण देणार?" हे प्रश्न त्या बैठकीत आलेच नाहीत. त्यामुळे उत्तरंही तयार झाली नाहीत.

"नवरा घरी येऊन सांगेलच की" असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. निरोप घरात पोचतो, पण त्यातलं नेमकं वाटेत गळतं.

नावाखेरीज आणखी दोन अडथळे आहेत. पहिला वेळेचा. अकरा वाजता ग्रामपंचायतीत बैठक ठेवली, तर लावणीच्या दिवसांत कुठली बाई येणार? दुसरा फोनचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) ग्रामीण भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 46.6 टक्के होत्या, म्हणजे निम्म्याहून कमी. आपण ॲप बांधतो आणि मानून चालतो की एका घरात एक फोन म्हणजे घरातल्या सगळ्यांना फोन. तो फोन सकाळी धाटावला किंवा पनवेलला गेला की संध्याकाळी परत येतो. करपा काही संध्याकाळची वाट बघत नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 च्या अहवालात लिहिलं होतं की विकसनशील देशांत शेतीत राबणाऱ्यांपैकी सुमारे 43 टक्के स्त्रिया आहेत, आणि त्यांना पुरुषांइतकी साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पादन 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकेल. त्याआधी 1988-89 मध्ये 97 देशांची पाहणी झाली होती. कृषी सल्ल्यावरच्या साधनांपैकी जेमतेम 5 टक्के स्त्रियांपर्यंत जात होती आणि सल्लागारांत स्त्रिया होत्या 15 टक्के. आकडा जुना आहे, पण घाना असो वा गुजरात, त्यामागचं कारण ओळखीचं वाटतं.

आपले आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत भारतात काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी 65 शेतीत होत्या: 24 स्वतःच्या घरच्या शेतीत, 41 मजुरीवर. आणि 2015-16 च्या कृषी गणनेत वहिवाटीच्या खातेदारांत स्त्रिया किती? सुमारे 14 टक्के. या दोन आकड्यांमधल्या दरीत जेवढ्या बायका आहेत, त्या सगळ्या आपल्या टेबलातून गळालेल्या ओळी.

त्या का गळतात हे सातबारा वाचला की कळतं. वडील गेले की अनेक घरांत थोरल्या मुलाचं नाव लागतं आणि पुढे 'ए.कु.मॅ.' लिहितात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एका ओळीत अख्खं घर गुंडाळलं! महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी कागदावर ते उतरायला फेरफार व्हावा लागतो, आणि बहिणींकडून हक्कसोड पत्र घेणं अजून अनेक घरांत 'रीत' समजली जाते. 2025 मध्ये सरकारला राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, कारण सातबाऱ्यांवर मेलेल्या खातेदारांची नावं तशीच होती. वर्षानुवर्षं मेलेला माणूस कागदावर शेतकरी राहिला आणि त्याच्या पश्चात तीच जमीन कसणारी त्याची बायको कागदाबाहेर. याहून चांगला बग रिपोर्ट मला तरी लिहिता येणार नाही.

कुणी म्हणेल, मग बायकांची नावं सातबाऱ्यावर लावा, प्रश्न मिटला. जरूर लावा! 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती: नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. पण मालकी बदलायला पिढ्या लागतात आणि घराघरात भांडणं होतात. सल्ल्याने त्यासाठी थांबायचं काय कारण? भाताच्या चुडात किती रोपं लावायची हे सांगायला मालकी बदलावी लागत नाही. आणि कातकरी वाडीवरची बाई, जिच्या घरात कुणाचाच सातबारा नाही, तिनं काय करायचं? मजुरीवर का होईना, लावणी तीच करते ना?

रायगडला तर हा फरक कळायला हवा, कारण मालक वेगळा आणि कसणारा वेगळा हे या जिल्ह्याने लढून सांगितलं आहे. पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात चरी गावाच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत संप केला. खोताची जमीन कसायचीच नाही, म्हणून सहा वर्षं उपासमार काढली. पुढे 1948 चा कुळ कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक मानलं गेलं. म्हणजे राज्याला एकदा हे जमलेलं आहे: मालकाच्या नावापलीकडे बघायचं आणि चिखलात कोण उभं आहे ते लिहून घ्यायचं. फक्त त्या वेळी कुळ म्हणून जे नाव लागलं, ते बहुधा घरातल्या पुरुषाचं. कसणाऱ्यामागे आणखी एक कसणारी उभी होती, तिच्यापर्यंत यादी पोचली नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की जुनी चूक सध्या नव्या सिस्टिममध्ये कॉपी होते आहे. ॲग्रीस्टॅकखाली प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो, आणि महाराष्ट्रात 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो लागतो. क्रमांक जोडलेला कशाला? जमिनीच्या नोंदीला. त्याच वर्षी महाविस्तार हे ॲप आलं, मराठीत प्रश्न विचारला की उत्तर देणारं. कल्पना उत्तमच आहे. पण उद्या हवामानाचा इशारा, पिकाचा सल्ला, प्रशिक्षणाची यादी सगळं या क्रमांकावरून निघायला लागलं, तर कागदाची चूक डिजिटल होऊन पक्की होईल. कागदावर तलाठी किंवा कृषी सहायक निदान ओळखीने म्हणायचा, "वहिनी, तुम्ही पण बसा." सॉफ्टवेअर तसं म्हणत नाही. आम्ही ते तसं लिहीत नाही.

बरं, सुधारणा कशी करायची हेही कुणी सांगितलं नाही असं नाही. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या जमीनमालकापुरती ठेवलेली नाही. कुळं, बटाईदार, शेतमजूर सगळे त्यात आहेत. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक, 2011 हे खासगी विधेयक मांडलं. जमीन नावावर असो वा नसो, ग्रामसभेच्या मान्यतेने ग्रामपंचायत बाईला शेतकरी असल्याचा दाखला देईल, अशी त्यात तरतूद होती. 2013 मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. कल्पना मात्र आजही वापरण्याजोगी आहे.

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, मालक आणि कसणारी असे दोन वेगळे रकाने ठेवा. ओळख क्रमांकाच्या नोंदीत, मालकी हक्काला धक्का न लावता, 'शेतीचं काम पाहणारी व्यक्ती' आणि तिचा फोन नंबर घ्या. दाखला ग्रामसभेचा. सल्ला, इशारे आणि प्रशिक्षणाचं आमंत्रण या रकान्यातून काढा, अनुदान हवं तर जुन्याच रकान्यातून द्या.

दुसरी, सांगणारी बाई असू द्या. मोझांबिकमध्ये एक प्रयोग झाला होता. गावात जमीन जपण्याच्या पद्धती शिकवायला प्रशिक्षित शेतकरी बाई नेमली, तेव्हा त्या पद्धती माहीत असलेल्या आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. आपल्याकडे 2023 मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांनी मिळून 'कृषी सखी' कार्यक्रम सुरू केला. बचत गटातल्या बायकांना 56 दिवसांचं प्रशिक्षण देऊन गावातच सल्लागार करायचं. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. पण तिला नियमित मानधन, आणि रोह्याच्या किंवा कर्जतच्या शास्त्रज्ञाला थेट फोन करायची मुभा हवी. नाहीतर आणखी एक बिनपगारी काम बाईच्या गळ्यात.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी: सल्ला दोन्ही दिशांनी चालू द्या. बेणणी करताना सुकलेला गाभा, पोचट पांढरी लोंबी, पानावरचे ठिपके सगळ्यात आधी बाईला दिसतात. जी रोज वापरते तिलाच बग दिसतो. तिची तक्रार घेणारी खिडकीच नसेल तर शास्त्रज्ञाला कळणार कसं, की त्याचं तंत्र शेतात कुठे अडतं? नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा राईस तंत्र घ्या. गादीवाफ्यावर साच्याने टोकण करायची, चिखलणी नाही, लावणी नाही. घरची शेती करणाऱ्या बाईची कंबर वाचते. पण लावणीच्या मजुरीवर पावसाळा काढणाऱ्या बाईचे दिवस त्याच तंत्राने जातात, आणि तणनाशकाचा प्रश्न वेगळाच. एकाच सल्ल्याचा दोघींवर उलटा परिणाम! दोघींना विचारल्याशिवाय तो चांगला की वाईट, हे कर्जतला किंवा पुण्यात बसून ठरवता येणार नाही.

2026 हे साल संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. अशा वर्षांत पोस्टर छापली जातात, डोक्यावर पाटी घेतलेल्या हसऱ्या बाईचा फोटो असतो, सत्कार होतात. सत्काराला माझी हरकत नाही. पण एक रकाना वाढवणं सत्कारापेक्षा स्वस्त आहे आणि टिकाऊही.

शेवटी तुमच्या-माझ्यापुरतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाकडे अजून थोडीफार जमीन आहे, आणि सातबारा आता ऑनलाइन दिसतो. या वीकेंडला दहा मिनिटं काढून तो उघडा. नावं वाचा. मग गावी फोन करा आणि विचारा, या वर्षी लावणी कुणी केली, बियाणं कुणी राखलं? यादीत नसलेलं जे नाव पुढे येईल, तिच्या फोनमध्ये किसान कॉल सेंटरचा नंबर सेव्ह करून द्या: 1800-180-1551, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत उत्तर मिळतं. फुकट आहे, आणि तिथे सल्ला विचारायला सातबारा लागत नाही. वारसनोंद राहिली असेल तर ती करून घ्या, आणि बहिणीकडून हक्कसोड घ्यायच्या आधी जरा थांबा.

व्यवस्था बदलायला वेळ लागेल. आपल्या घरचं टेबल दुरुस्त करायला मात्र कुणाच्या मंजुरीची गरज नाही. बघा पटतंय का.